सहा डोंगरांचा कल्ला

"चाचा, सातवं केंद्र कुठे बसवू?"

अभिराम वाकणकर दारातूनच विचारत होता. बूट काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

महाडजवळच्या त्या घरात कासम मुकादम, सगळ्यांचे चाचा, ओटीवर रेडिओ ऐकत बसले होते. जिल्ह्यातले बहुतेक हौशी रेडिओवाले त्यांच्याच हाताखाली शिकलेले. अभिरामही. तीन वर्षांत त्याने घाटातल्या सहा डोंगरांवर सहा केंद्रं उभी केली होती. रानात गेलेल्या माणसाजवळचा छोटा रेडिओ-संच ठरावीक वेळाने 'मी इथे आहे' असा बारीकसा संदेश सोडतो. केंद्रं तो पकडून पुढे पाठवतात आणि नकाशावर ठिपका उमटतो. संचावरून दोन ओळी लिहूनही पाठवता येतात. असं जाळं आसपास कुणाचं नाही, असं अभिराम सगळ्यांना सांगायचा.

त्या सकाळी अकरा स्वयंसेवक दरडीच्या भेगा पाहायला गेले होते. दहा ठिपके दिसत होते. अकरावा, त्याच्या बायकोचा, शाल्मलीचा, चाळीस मिनिटं गायब होता.

बाकीचे तिला शोधत होते, पण कुठल्या घळीत उतरावं ते त्यांना कळत नव्हतं. अभिराम भडाभडा सांगत सुटला. त्याने केंद्रांची ताकद वाढवली होती, प्रत्येक संदेश तीन-तीनदा पुढे पाठवायला लावला होता, तरीही...

चाचांनी रेडिओ मोठा केला. सगळ्या संचांच्या आणि केंद्रांच्या त्या एकाच लहरीवर नुसती किरकिर, एकावर एक. मधे श्वासाएवढीही फट नाही.

"काय ऐकू येतं?"

"केंद्रं. सगळी चालू आहेत."

"बंद कर."

केंद्रं लॅपटॉपवरून बंद करता येत होती. अभिरामने तो उघडला, पण बोट पुढे जाईना.

"कुठलं?"

"सगळ्यांत उंच."

"चाचा, तिचा संच त्याच्याच भरवशावर असला तर?"

चाचांनी बोटानेच लॅपटॉप दाखवला.

त्याने ते बंद केलं. मग दुसरं. तिसरं. चौथं. उरली दोन, नदीकाठच्या बुटक्या डोंगरांवरची.

किरकिर विरळ झाली. मग थांबली.

...

...

एक बारीकशी चिरचिर आली.

नकाशावर अकरावा ठिपका उमटला. खालच्या घळीत, ओढ्यालगत. पाठोपाठ तिची अक्षरं आली: पाय मोडला. शुद्धीत आहे.

अभिरामने तिची जागा शोधणाऱ्यांना फोनवर कळवली. जवळचे दोघं वीस मिनिटांच्या वाटेवर होते.

मग तो चाचांकडे वळला. ती इतका वेळ बोलतच होती का, असं त्याने विचारलं. चाचांनी मान डोलावली.

अभिरामचे डोळे भरून आले. तिला धीर द्यायला हवा, काय काय सांगायला हवं, म्हणत त्याने घाईघाईने आपला संच ओढला आणि लिहायला घेतलं.

चाचांनी संचावर तळहात ठेवला.

"थांब... तिचं सांगून झालंय का?"