चौकीतली पाटी

"माय, बिब्ब्याचा डाग जन्मभर राहतो ना?"

सगुणामाय मठाच्या पायरीवर वाती वळत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "लुगड्यावरचा की कातडीवरचा?"

"तोंडावरचा."

मायचे हात थांबले…

भिवरानं दोन वर्षांमागं एक हंडा चोरला होता. चोरी ती चोरी, तिनं कधी नाकारली नाही. तुरुंगात महिनाभर दळण दळून फेडलीही. पण फोटोचं यंत्र तालुक्याला नवंच आलेलं. गोऱ्या साहेबाच्या हुकमानं तिच्या छातीशी नाव-गुन्हा लिहिलेली पाटी धरवली, फोटो काढला आणि चौकीच्या भिंतीला डकवला. तेव्हापासून गावात कोल्ह्यानं कोंबडी नेली तरी शिपाई भिवराच्या दारात. आता तो फोटो पिवळा पडला, म्हणून उद्या दुसरा काढणार होते. त्याआधी तोंडच बदलून टाकायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"तोंड माझं आहे," भिवरा म्हणाली. "त्यांना नाही द्यायचं."

"म्हणून जाळून देणार?"

भिवरानं मुठीतला बिब्बा आणखी आवळला.

मायनं तिच्या मुठीतला बिब्बा काढून घेतला, कनवटीला खोचला आणि पुन्हा वाती वळायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी चौकीच्या अंगणात ही गर्दी. भिवरा तोंडावर पदर ओढून उभी. मागं माय. जमादारानं खुर्ची दाखवली. भिवरानं पाऊल उचललं, तोच माय पुढं होऊन खुर्चीत बसली. खुर्चीवर ठेवलेली पाटी मांडीवर उभी धरली.

जमादार दर सोमवारी मठात येऊन मायच्या पाया पडणारा, आठवड्याच्या पापांची माफी मागणारा. तो हात जोडून म्हणाला, "माय, उठा. ही चोरांची खुर्ची आहे."

"मग बरोबर बसलेय."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. जमादारानं तिकडं डोळे वटारले, पण मायला हात लावायची त्याची छाती होईना.

फोटोवाला बिचारा परगावचा. काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढून, खडू हातात धरून त्यानं विचारलं, "बाई, नाव सांगा. आणि गुन्हा काय लिहू?"

मायनं पाटी उलटीपालटी करून पाहिली… मग भिवराकडं पाहिलं.

भिवरानं तोंडावरचा पदर मागं सारला.

"गुन्हे लिहायला एवढीशी नाही पुरायची, बाबा," माय म्हणाली. "मोठी आण. माझ्यामागून जमादाराला बसायचंय."