माघातल्या घागरी

पूर्वी चंपकवती नगरीत अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व चित्रकारांच्या कुळात जन्माला आले होते. म्हातारपणी त्यांच्याकडे एकच काम उरले होते, चित्रांचे डोळे काढण्याचे. त्या नगरीतल्या चित्रकारांची रीतच तशी होती. बाकीचे चित्र कोणीही रंगवावे, डोळे मात्र सर्वात शेवटी काढायचे, तेही सर्वात वडील चित्रकाराने आणि ज्याचे चित्र त्याला समोर बसवूनच. डोळे काढले की चित्र बघू लागते, अशी त्यांची श्रद्धा होती.

याच नगरीत नंदिसेन नावाचा चंदनाचा व्यापारी राहत असे. माणूस मोठा सज्जन. भावाभावांत भांडण झाले की लोक त्यालाच मध्यस्थीला बोलावीत. पण या सज्जनाच्या वखारीत, चंदनाच्या ओंडक्यांमागे एक पेटी होती आणि तिची किल्ली तो करगोट्याला बांधून ठेवी. पेटीत उघड्यानागड्या बायकांची चित्रे होती. शरभ नावाचा माणूस ती चोरून करवून घेई आणि चोरूनच विकी. त्या चित्रांना डोळे नसत. कसे असणार? वडीलधाऱ्या चित्रकारापुढे असले चित्र नेणार कोण! गिऱ्हाइकांनाही ते सोयीचेच होते. आपण बघावे, आपल्याला कोणी बघू नये.

विपुला, म्हणजे नंदिसेनची बायको, वखारीच्या दाराशी येऊन हाक मारी, "अहो, पान वाढलंय, येताय ना?" हा आतून सांगे, "ओंडके रचतोय, आलोच." पेटी बंद करताना दर वेळी त्याला स्वतःची किळस येई. उद्यापासून नाही, असे तो रोज ठरवी आणि रोज मोडी. मग मनाची समजूत घाली, 'मी कोणाला बोटसुद्धा लावत नाही. कोणाचं काय बिघडतं?'

हळूहळू जुनी चित्रे त्याला फिकी वाटू लागली. त्याने शरभाला सांगितले, "नदीतून नुकतीच न्हाऊन आलेली बाई हवी, अंगावरून पाणी निथळणारी. अशी सात चित्रं करवून दे." पहिले चित्र आले. चार दिवस त्याचे अप्रूप राहिले, पाचव्या दिवशी तेही शिळे झाले. हव्यास असा चढला की आता या बाईने आपल्याकडे बघावे असे त्याला वाटू लागले. लाज कोळून प्यायलेला तो गृहस्थ चित्र उपरण्यात गुंडाळून सकाळीच बोधिसत्त्वांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आचार्य, याला डोळे काढून द्या," तो खालच्या आवाजात म्हणाला. "लालचंदनाचा अख्खा ओंडका तुमच्या अंगणात आणून टाकतो."

बोधिसत्त्वांनी चित्र उलगडले, पाहिले आणि पुन्हा गुंडाळले. ते रागावले नाहीत. "डोळे कोणाचे काढू?"

"कोणाचे म्हणजे? चित्रातल्या बाईचे."

"ती कोण?"

"कोणी नाही हो! चित्र आहे ते."

"अरे नंदिसेना, कोणीतरी समोर उभी राहिली म्हणून हे चित्र झालं. मी माणूस बघितल्याशिवाय डोळे काढत नाही. ओंडका राहू दे तुझ्याकडे. चल, आधी तिला भेटून येऊ."

शरभाचा गोठा रंगाऱ्यांच्या आळीपलीकडे होता. माघातली सकाळ होती, कुत्रीसुद्धा राखेत अंग चोरून पडली होती. नंदिसेनने दार ढकलले आणि तो जागच्या जागी थिजला.

फळीवर एक बाई उभी होती. अंगाला एक ओले फडके चिकटलेले, ओठ काळेनिळे, दात कडकड वाजत होते. शरभ तिच्या डोक्यावर घागर ओतत होता. पाणी निथळायचे थांबले की समोर बसलेल्या त्याच्या चित्रकाराचे काम अडे, म्हणून पुन्हा घागर. चित्रकाराजवळ निखाऱ्यांची शेगडी फुललेली होती. नंदिसेनला वाटले, चला, निदान शेक तरी आहे. मग त्याने नीट पाहिले. शेगडी त्या बाईकडे नव्हतीच. शेगडीभोवती रंगांच्या वाट्या मांडल्या होत्या. चिकटपणासाठी सरस घातलेले रंग थंडीत आळतात, म्हणून शेगडी रंगांसाठी होती.

"मालक," ती बाई शरभाला म्हणाली, "पाच झाल्या. आणखी किती घागरी? मागवणाऱ्याला विचारा ना, एवढ्यात नाही का भागायचं?" आणि ती फळीवरून खाली कोसळली.

शरभाचे लक्ष दाराकडे गेले. "या, या श्रेष्ठी!" तो हसत म्हणाला. "काळजी नको, सातही चित्रं मिळतील. ही रेवा नाही टिकली तर दुसरी आणीन. ती कमळवाली गेली, तेव्हा नाही का ही आणली!"

"गेली म्हणजे?"

"मेली. मार्गशीर्षात. खोकला छातीत उतरला तिच्या."

अरेरे! हातात कमळ घेतलेल्या त्या बाईचे चित्र नंदिसेनने कालच दुपारी उघडून पाहिले होते. तो तिथेच भडभडा ओकला. मग त्याने अंगावरची शाल काढली, रेवाला तिच्यात गुंडाळले आणि बोधिसत्त्वांच्या मदतीने घरी आणले.

"अगंबाई! कोण ही?" विपुलेने विचारले. "वाटेत पडलेली दिसली," नंदिसेन म्हणाला. विपुलेने जास्त चौकशी केली नाही. तिने शेगडी पेटवली, पेज शिजवली आणि रेवाच्या उशाशी बसून राहिली. ताप उतरेना. वाचेल की नाही, वैद्यही सांगेना. नंदिसेनने त्याच दिवशी पेटी चित्रांसकट जाळून टाकली आणि सुटलो एकदाचा, असे त्याला वाटले.

पण नवव्या दिवशी काय झाले! रेवा आत तापाने फणफणत होती आणि नंदिसेनचे पाय रंगाऱ्यांच्या आळीकडे वळले होते. निळीच्या हौदाचा वास नाकात गेला तेव्हा तो भानावर आला. तो धावत बोधिसत्त्वांकडे गेला.

"आचार्य, ती माझ्या घरात मरायला टेकलीय आणि मी तिकडे निघालो होतो! मी माणूस आहे की कोण?"

"माणूसच आहेस. पेटी जाळलीस ते बरं केलंस. पण विपुलेला काय सांगितलंस?"

"वाटेत पडलेली दिसली, एवढंच," नंदिसेन म्हणाला.

"मग पेटी अजून आहे," बोधिसत्त्व म्हणाले. "जा, घरी जाऊन तिचं झाकण उघड."

नंदिसेनने बायकोला सगळे सांगितले, एकही गोष्ट न लपवता. पेज ढवळणारा विपुलेचा हात थांबला. "आणि मी नऊ दिवस तुमचं पुण्य समजून हिला शेकतेय!" ती ओरडली. बराच वेळ ती रडली. शेवटी म्हणाली, "मला सांगून काय होणार? तिला सांगा."

नंदिसेन रेवाच्या अंथरुणाशी बसला. "रेवा, त्या घागरी मी मागवल्या होत्या."

रेवाने मान वळवली. चित्रात जिला तो बघत आला होता, तिच्या डोळ्यांकडे तो आज पहिल्यांदा बघत होता. तापाने ते लाल झाले होते.

"तुम्ही?" ती म्हणाली. "मला वाटायचं, मागवणारा कोणी आंधळा असेल. डोळे असलेला माणूस असं कसं मागवेल?"

नंदिसेन उठला आणि तडक राजसभेत गेला. आधी स्वतःचे नाव घेतले, मग शरभाचे. गोठ्याला कुलूप लागले. त्यानंतर नंदिसेनला मध्यस्थीला कोणी बोलावले नाही आणि विपुला वर्षभर कामापुरतेच बोलली. ते त्याने मुकाट्याने सोसले. रेवा मात्र वाचली. ती उन्हात बसू लागली तेव्हा बोधिसत्त्व आले आणि तिची परवानगी घेऊन त्यांनी हातभर फळीवर नुसते दोन डोळे काढले. पेटीच्या जागी ती फळी लागली. हव्यास पुढेही कैक वर्षे उसळत राहिला. उसळला की नंदिसेन त्या फळीपुढे जाऊन उभा राही आणि मग कामाला लागे.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भद्रजित नावाच्या भिक्षूला सांगितली. भिक्षेला गेला की दारादारांतल्या बायकांवर त्याची नजर खिळे. सोबत्यांनी हटकले तेव्हा तो म्हणाला होता, "मी कोणाला बोटसुद्धा लावलं नाही. कोणाचं काय बिघडतं?"

कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा शरभ म्हणजे संघ सोडून गेलेला कर्कट. विपुला म्हणजे विहाराला धान्य देणारी उपासिका नंदिनी. म्हातारा चित्रकार मीच होतो. आणि भद्रजिता, नंदिसेन तू होतास."

भद्रजिताने विचारले, "भगवन्, आणि रेवा? ती कमळवाली?"

"दोघीही याच नगरीत आहेत. रोज सकाळी तुझ्या पात्रात भात वाढणाऱ्यांत आहेत. कोणत्या, ते मी सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी भद्रजित भिक्षेला निघाला. पहिल्याच दारात एका बाईने त्याच्या पात्रात भात वाढला. तिचे हात थंडीने गारठलेले त्याला दिसले. "माते," तो म्हणाला, "आत जाऊन हात शेका." नजरेच्या या शुद्धीलाच शील म्हणतात.