बारभऱ्या बाबलची हाक

फार फार वर्षांमागं, सह्याद्रीच्या पायथ्याचं आमचं आंबेरवण गाव रानात इतकं बुडालेलं होतं की सांबरं परसात येऊन पावटा खाऊन जायची. म्हणून शिमग्याच्या आधी सगळा गाव पारधीला जाई. बंदुका देवळात ठेवलेल्या असत, आणि कुणी कुठली घ्यायची, तिच्यात काय भरायचं, हे एकटा बाबल ठरवी. बार भरतो म्हणून त्याला म्हणायचे बारभऱ्या.

बाबल पहाटे रानात जाऊन खुरांचे ठसे बघायचा आणि मग देवळाच्या पायरीवर बसायचा. दाट झाडीत आखूड नळी, उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, लांब नळी. लहानशा भेकराला छर्रा, सांबराला एकच जड गोळी. छर्ऱ्यानं सांबर पडत नाही, नुसतं दुखत राहतं, असं तो सांगायचा. त्याचा बार भरलेला असला की जनावर जागच्या जागी पडे, पाय झाडत नसे, असं म्हणतात.

एवढा कामाचा माणूस, पण त्याला कुणी पंगतीत बसवलं नाही. मेलेल्या जनावरांचा तळतळाट बार भरणाऱ्याला लागतो, असं गावानं ठरवून टाकलं होतं. मटण मात्र सगळे ओरपायचे! बाबलचा वाटा पळसाच्या पानात बांधून त्याच्या खोपीपाशी ठेवायचे आणि ठेवणारा मागं न बघता परत फिरायचा. त्याला मुलगी कुणी दिली नाही. तो कुत्र्याशी बोलायचा, कुत्रं मेल्यावर चुलीशी बोलायचा, असं म्हणतात.

एका वर्षी पारधीच्या दिवशी बाबल पहाटे रानाकडं निघाला. वाटेत अंतू गावकराचं घर होतं. अंतू गावचा मानकरी, नवी काडतुसाची दुनळी त्यानंच आणली होती. त्याची म्हातारी आई अंगणात उभी होती. तिला काय वाटलं कोण जाणे, ती म्हणाली, "बाबल, ये रे बाळा. आज आमच्याकडे न्हेरी कर."

बाबल न्याहारीला गेला. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याला पाट मांडला. म्हातारी आंबोळ्या वाढत गेली, तो खात गेला, बोलत गेला. इतकं बोलायचं साचलं होतं बिचाऱ्याचं! उन्हं वर आली, ढोल वाजला, तेव्हा तो भानावर आला. ठसे बघायचे राहून गेले होते. काल झऱ्यावर भेकराचे दिसले होते, त्याच भरवशावर त्यानं अंतूच्या दुनळीत छर्ऱ्याची काडतुसं घातली.

हाकारे उठले आणि झाडीतून सांबराची मादी बाहेर आली. अंतूनं दोन्ही बार टाकले. ती कोसळली, उठली आणि रक्त गाळत घाटाच्या दिशेनं गेली.

आता आमच्या गावाचा एक नियम होता. जखमी जनावर ज्यानं बार भरला त्यानं शोधायचं. हा नियम ज्यांनी केला ते घरी बसून जेवणारे होते, एवढं मी सांगतो.

"सोड रे," अंतू म्हणाला. "मेला आसतला खंयतरी."

"मेला नाय. ता दुखता हा," बाबल म्हणाला. "कोण येतास माझ्यावांगडा?"

त्याच्यासोबत जायला कुणी पुढं झालं नाही. बाबल म्हणाला, "जेवून घेवा तुमी," आणि एकटाच घाट चढू लागला.

त्या संध्याकाळी पंगत बसली असताना वरून हाक आली, "गावूक नाय रे!" सापडलं नाही, म्हणून तो सांगत होता. दुसऱ्या संध्याकाळीही आली. मग रोज येऊ लागली, दरवेळी जरा लांबून. गाव ऐकायचं आणि दार लावून घ्यायचं. एकट्या म्हातारीनं अंगणातून ओ दिली, पण तिचा आवाज तो केवढा, कुंपणापलीकडंही गेला नाही. पाऊस लागला तशी हाक बंद झाली.

पुढं मोळीला गेलेल्या बायकांनी त्याला कड्याखाली पाहिलं, असं म्हणतात. सांबरीचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि तो काट्यानं एकेक छर्रा काढत होता. छर्रा जिथं पडे तिथून गुंजेचा वेल फुटे. बायकांनी हाक मारली. त्यानं ओळख न लागल्यासारखं बघितलं आणि दोघं उठून धुक्यात गेली. माणसाची ओ ऐकायची सवय त्याला कधी लागलीच नव्हती, तर तो थांबणार कसा? मला याचं फार वाईट वाटतं.

आता पारध कायद्यानं बंद आहे, बंदुकाही गेल्या. पण आंबेरवणात कुणाची गाय हरवो, म्हैस हरवो, शोधायला निघणारा वेशीवर उभा राहून बाबलचं नाव घेतो. ते ऐकलं की भांडण असलेला शेजारीसुद्धा हातातला घास ताटात ठेवतो, पायात वहाणा घालतो आणि ओरडतो, "थांब रे, मी येतंय!"