पलीकडची काठी

त्या राज्यात कशाचीही मोजणी झालेली नव्हती. कोणते झाड कुणाचे हे सगळ्यांना ठाऊक होते आणि भांडण झालेच, तर ते फार तर दिवेलागणीपर्यंत टिकत असे. दरबाराला याची लाज वाटली. त्याने लांब पायांच्या करकोच्याला मोजणीदार नेमले.

पहिला अर्ज खारीने केला. जांभळाच्या ढोलीत तिची दोन पिल्ले होती, अजून डोळेही न उघडलेली, आणि ती ढोली आपली असल्याचे पोपट उठताबसता ऐकवत होता. एकदा कागदावर आले की कटकट मिटेल, असे बिचारीला वाटले.

करकोच्याची रीत साधी होती. एक काठी इथे रोवायची, दुसरी पलीकडे, आणि एक डोळा मिटून या काठीवरून ती पाहायची. मध्ये जे झाड येईल ते घुशींनी मुळापासून कुरतडायचे. मात्र नोंद झाल्याशिवाय एकाही झाडाला दात लागत नसे, इतके त्याचे काम चोख.

मोजणी जांभळापाशी आली. करकोच्याने पोपटाची हरकत ऐकली, फेटाळली आणि ढोली खारीच्या नावावर लिहिली. तिला आनंद होतो न होतो तोच घुशी पुढे सरकल्या.

"अहो साहेब, आत माझी पोरं आहेत!"

"त्यांचीही नोंद घेतली आहे, बाई. दोन," करकोचा म्हणाला. "आता जरा बाजूला व्हा. पलीकडची काठी दिसत नाही."

नकाशा पूर्ण झाला तेव्हा त्यात एक पानसुद्धा चुकलेले नव्हते. दरबाराने करकोच्याला शाल पांघरवली आणि तो हिरवागार नकाशा उघड्या माळावर चार बांबूंवर ताणून बसवला. राज्यात तेवढीच सावली उरली असल्याने सगळी प्रजा त्याखाली दाटीवाटीने बसू लागली. खारीने वर पाहून आपले झाड शोधले आणि ढोलीतून वेळेवर काढलेल्या पिल्लांना घेऊन बरोबर त्याच्याखाली बसली. पिल्लांनी डोळे उघडले ते तिथेच. त्यांना ते खरेच झाड वाटले.

तिसऱ्या दिवशी पोपट येऊन टेकला. तेवढी सावली आपली, असे त्याचे म्हणणे. खार या वेळी अर्जाच्या वाटेला गेली नाही. अर्ज पोपटाने केला.

करकोचा तत्परतेने आला. त्याने एक काठी खारीजवळ रोवली, दुसरी माळाच्या टोकाला, आणि एक डोळा मिटला. नकाशाचा कापडी काठ वाऱ्याने मध्येच खाली येत होता. करकोच्याने मान इकडे केली, तिकडे केली. मग वही उघडून लिहिले: नकाशा, एक. बांबू, चार.

खारीने एक पिल्लू तोंडात धरले आणि दुसऱ्याकडे पाहिले. चारही बांबूंपाशी घुशी येऊन बसल्या होत्या आणि शाई वाळायची वाट पाहत होत्या.