दसऱ्याचं सुतक

गणपा घाडग्याने आयुष्यभराची पुंजी घालून बापूशेठकडून जुनी जीप घेतली. विमा काढायला गेला, तर कारकून हसला. "ही श्रावणातल्या पुरात गेली, अहो! शेठने मयत दाखवून भरपाईसुद्धा उचलली."

गणपा जाब विचारायला गेला, पण शेठ ढिम्म. "जरा न्हाली एवढंच. विकलेला माल मी परत घेत नसतो."

गणपा डोकं धरून बसला. त्याची बायको द्रौपदा मात्र कॅलेंडर बघत होती.

दसऱ्याला शेठच्या गाड्यांच्या दुकानाच्या दारात गिऱ्हाइकांची ही रांग! हार, पेढे, नारळ, गुरुजी, सगळं सज्ज. तेवढ्यात गणपा जीप ढकलत आला. वर पांढरी चादर, बॉनेटवर तुळशीपत्र, मागे डोक्यावर पदर घेतलेली द्रौपदा.

"सणासुदीला हे काय, बाई?" गुरुजींनी विचारलं.

द्रौपदाने कारकुनाकडून आणलेला, शेठच्या सहीचा भरपाईचा कागद पुढे केला. "गुरुजी, ही गेली तेव्हा शेठच्या घरची होती. मरण उशिरा कळलं तर सुतक कधीपासून धरायचं?"

"कळल्यापासून तीन दिवस," गुरुजी बोलून गेले आणि त्यांनी हातातला नारळ हळूच पिशवीत ठेवला. रांग मागे सरकली.

शेठ किंचाळला, "अहो, गाडी ठणठणीत जिवंत आहे!"

"मग विमा कंपनीला तसं कळवते. ती मेली म्हणून केलेली सही तुमचीच आहे."

 शेठने जीप आत घेतली आणि गणपाची रक्कम तिथल्या तिथे त्याच्या हातात ठेवली.

परतताना गणपा बायकोच्या दोन पावलं मागून चालला. अजूनही तिच्याशी वाद घालण्याआधी तो कॅलेंडर बघून घेतो.