गोगलूची सावली

गॅलरीत कुंडी. कुंडीत नेचा. नेचा कसा? झालरीदार, हिरवागार! त्याच्या पानाखाली कोण? गोगलू! गोगलगाईचं पिल्लू, हरभऱ्याएवढं.

कुंडीपुढं आबांची घडीची खुर्ची. आबा खुर्चीत बसायचे, नेच्यावर गार सावली पडायची.

मग आबा दिसेनातच. खुर्ची मिटली, भिंतीला टेकली. नेच्यावर ऊन आलं. पान वाळलं. टप! गळून पडलं.

गोगलूला चटका बसला. "आई गं! माझी सावली गेली!"

सुळु सुळु, सुळु सुळु, गोगलू नेच्याकडे गेला.

"नेचेदादा, नेचेदादा, पान दे ना.
मी झोपू कुठं?"

"कसं देऊ रे राजा? माती भिजत नाही."

सुळु सुळु, सुळु सुळु, गोगलू मातीकडे गेला.

"मातीमावशी, मातीमावशी, भिज ना गं.
नेचा पान देत नाही,
मी झोपू कुठं?"

"कशी भिजू रे बाळा? झारी पाणी देत नाही."

सुळु सुळु, सुळु सुळु, गोगलू झारीकडे गेला.

"झारीकाकू, झारीकाकू, पाणी दे ना.
माती भिजत नाही,
नेचा पान देत नाही,
मी झोपू कुठं?"

"कुठून देऊ रे सोन्या? पोटात नुसता खडखडाट! कावू झारी भरत नाही."

कावू म्हणजे आबांची नात. ती दारातच बसली होती. गाल फुगलेले, डोळे लाल.

सुळु सुळु, सुळु सुळु, गोगलू कावूकडे गेला.

"कावूताई, कावूताई, झारी भर ना.
झारी पाणी देत नाही,
माती भिजत नाही,
नेचा पान देत नाही,
मी झोपू कुठं?"

"नाही भरणार, जा! मी गॅलरीत येणारच नाही. आबांची खुर्ची उघडत नाही."

आता काय करायचं बापड्यानं? सुळु सुळु, सुळु सुळु, गोगलू खुर्चीकडे गेला. दमला बिचारा.

"खुर्चीआत्या, खुर्चीआत्या, उघड ना गं.
कावू झारी भरत नाही,
झारी पाणी देत नाही,
माती भिजत नाही,
नेचा पान देत नाही,
मी झोपू कुठं?"

खुर्ची हळूच म्हणाली, "कोणासाठी उघडू रे? आबा येत नाहीत."

"कधी येतील?"

"नाही येणार. आबा गेले रे. कधीच नाही येणार."

गोगलूनं शिंगं आत घेतली. शंखात शिरला. हमसून हमसून रडला. शंखातून बारीक आवाज आला, "मी झोपू कुठं?"

खुर्चीला राहवेना. एवढासा जीव, उन्हात करपायचा की! गोगलूला चुकवून ती सरकली. घसर घसर घसर... धाड्!

"अगं बाई! आबांची खुर्ची!" कावू धावली. दोन्ही हातांनी खुर्ची उचलली. ओढली. खटक! उघडली.

कावू खुर्चीत बसली. खुर्चीला आबांचा वास होता. "आबा, आबा!" म्हणत कावू खूप रडली.

मग तिनं खाली पाहिलं. वाळका नेचा. रडवेला गोगलू.

आबा काय सांगायचे? "कावू, नेच्याला ऊन नको, सावली हवी. माती ओली हवी, चिखल नको."

कावूनं झारी भरली. बुड बुड बुड!
झारीनं पाणी दिलं. झिर झिर झिर!
माती भिजली.
आणि नेच्यानं पान दिलं?

नाही. लगेच नाही. वाळलेली पानं वाळलेलीच राहिली. कावूनं ती कात्रीनं कापली. कच् कच्. तिला वाईट वाटलं.

कावू रोज खुर्चीत बसली. रोज माती ओली ठेवली. रोज तिला आबांची आठवण आली.

मग एक दिवस मातीतून एक पान डोकावलं. गुंडाळलेलं, अगदी गोगलूच्या शंखासारखं! हळूहळू उलगडलं. झालरीदार, हिरवंगार.

सुळु सुळु, सुळु सुळु, गोगलू पानाखाली गेला.

गोगलूवर पानाची सावली.
पानावर कावूची सावली.
कावूवर मात्र ऊन. तिथं आबा नव्हते.

कावू हलली नाही.

"झोप रे गोगलू," ती म्हणाली. "मी बसलेय इथं."

आणि गोगलू झोपला.