औषधाविना गुण

तपासणी आली की रिकाम्या वॉर्डात आसपासच्या गावांतली धडधाकट माणसं रोगी म्हणून निजवायची, ही मेडिकल कॉलेजचे डीन सरंजामे यांची रीतच होती. शेवटच्या वर्षाच्या शाल्मलीने खरा रोगी क्वचितच तपासला होता. उद्या आपल्या हातून कुणाचा जीव गेला तर, या धास्तीने ती कासावीस होई.

"तपासणीला येणाऱ्या मॅडमपुढे फक्त कौतुक करायचं, नाहीतर परीक्षेत बघून घेईन," सरंजाम्यांनी तिला दटावलं.

तपासनीस बाईंनी विचारलं, "काय गं, उपचार कसे आहेत इथले?"

"फार गुण येतो, मॅडम," शाल्मली नम्रपणे म्हणाली. "सकाळी आलेले सगळे रोगी संध्याकाळी ठणठणीत होऊन एकाच बसने घरी जातात. औषधसुद्धा लागत नाही."

सरंजामे घाम पुसू लागले. बाई शाल्मलीला हळूच म्हणाल्या, "पोरी, तुम्हा सगळ्यांना सरकारी रुग्णालयात शिकायला पाठवते. तिथले रोगी इतक्या लवकर बरे होत नाहीत."